नवशिक्या रॉक बँडने सरावासाठी कोणती गाणी निवडावीत?

वैनगंगाकाठ (आरमोरी तालुका):
नमस्कार. आम्ही एकाच गावातले चार मित्र आहोत आणि आमच्यासोबत माझी धाकटी बहीण गाते. दोन गिटार, एक बेस गिटार आणि जुना विकत घेतलेला ड्रमसेट एवढे साहित्य आमच्याकडे आहे. ड्रम वाजवणारा मित्र लहानपणापासून भजनात खंजिरी वाजवत आला आहे, त्यामुळे त्याचा हात तयार आहे, मात्र ड्रमवर बसून त्याला जेमतेम चार महिने झाले आहेत. धानाची मळणी आटोपल्यापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही एका रिकाम्या गोदामात सराव करतो. पहिलेच गाणे म्हणून डीप पर्पलचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ घेतले. त्याची सुरुवातीची धून एका दिवसात बसली, पण तीन आठवडे झाले तरी संपूर्ण गाणे एकदाही न अडखळता वाजवता आलेले नाही. जानेवारीत महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दोन-तीन गाणी सादर करण्याची मनापासून इच्छा आहे. गाणी कोणत्या कसोटीवर निवडावीत?

रात्रीचा ऑर्गन (वडसा):
भाऊ, मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनची साथ करतो आणि मोसम नसतो तेव्हा इथल्या मुलांच्या बँडसोबत बसतो. आपली अडचण ओळखीची आहे. गाणे सोपे आहे की नाही, हे आपण सारे गिटारवरून ठरवतो, आणि चूक तिथेच होते. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची धून मोजून चार स्वरांत फिरते, म्हणून ती एका दिवसात बसते, पण त्याच गाण्याच्या आरंभी ड्रमरला हाय-हॅटवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर, एका मात्रेत चार ठोके सलग आणि एकसारखे वाजवावे लागतात. शिवाय १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटारच्या जोडीला ऑर्गन आहे. तो काढला की मधली जागा पोकळ वाटू लागते आणि ती भरून काढण्याच्या घाईत प्रत्येक जण जास्त वाजवू लागतो. म्हणून बँडमध्ये जो सर्वांत नवा आहे, त्याला झेपेल ते गाणे सोपे समजावे. आपल्याकडे तो ड्रमर आहे.

त्याला खंजिरी येते, ही फार मोठी जमेची बाजू आहे. केरवा तालाच्या आठ मात्रा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पायाचा बास ड्रम, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), आणि आठही मात्रांवर हाय-हॅट, एवढे केले की रॉकचा मूळ ठेका तयार होतो. भजनाच्या सवयीने हाताला भरणा, म्हणजे मधल्या जागेत जादा ठोके, करावासा वाटतो, तो पहिले दोन महिने पूर्ण बंद ठेवावा.

आरंभ क्वीनच्या १९७७च्या ‘वुई विल रॉक यू’ने करा. दोनदा पाय आपटायचा, एक टाळी वाजवायची आणि मग थांबायचे, एवढ्याच आधारावर ते गाणे उभे आहे. गिटार अगदी शेवटी येते. वीज गेली तरी त्याचा सराव थांबत नाही, आणि पाचही जणांची लय एकत्र बसते की नाही, हे लगेच कळते. त्यानंतर द व्हाइट स्ट्राइप्सचे २००३चे ‘सेव्हन नेशन आर्मी’ घ्या. सात स्वरांची एकच धून जवळजवळ गाणेभर चालते आणि सुरुवातीचे ड्रमचे ठोके ढोलासारखे सरळ आहेत. ती धून ऐकताना बेसची वाटते, पण मूळ ध्वनिमुद्रणात ती गिटारवर, आवाज एक सप्तक खाली आणणारे उपकरण लावून वाजवलेली आहे. आपल्याकडे बेस असल्याने ती बेसवादकालाच द्यावी. तिसरे गाणे बॉब डिलनचे १९७३चे ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ असावे. जी, डी, ए मायनर आणि सी या चार कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांमध्ये, ते पूर्ण होते.

सहा तारा (अमरावती):
वडसाच्या भाऊंचे पहिले दोन्ही सल्ले मला मान्य आहेत, पण तिसऱ्या गाण्याबाबत माझे मत वेगळे आहे. मी अनेक वर्षे गिटार शिकवतो आणि नव्या बँडची लय संथ गाण्यातच सर्वांत जास्त ढळते, हे सतत पाहत आलो आहे. दोन ठोक्यांमधले अंतर मोठे असले की प्रत्येक जण ते आपल्या अंदाजाने भरतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणे नकळत धावू लागते. डिलनचे गाणे घ्यायचे असेल तर मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे साधन) स्पीकरला जोडूनच घ्यावे.

मला अधिक काळजी आपल्या बहिणीच्या आवाजाची वाटते, कारण मूळ पट्टीतच गाणे वाजवण्याचा हट्ट नव्या बँडला फार महाग पडतो. द क्रॅनबेरीजचे १९९४चे ‘झॉम्बी’ तिला आवडेल, आणि ई मायनर, सी, जी, डी हे चार कॉर्ड त्यात गाणेभर फिरत राहतात, त्यामुळे गिटारवादकांनाही ते सोयीचे आहे. मात्र ध्रुवपदात ताणून गावे लागते. आधी तिला वाद्यांशिवाय ध्रुवपद गाऊ द्यावे. घसा ताणला जात असेल तर दोन्ही गिटार आणि बेसच्या सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवून घ्याव्यात. कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, पट्टी फक्त चढवता येते, उतरवता येत नाही, हे नवे वादक हमखास विसरतात.

कापूसपट्टा (दारव्हा):
समोर कोण बसणार आहे, याचाही विचार व्हावा. गावाकडच्या स्नेहसंमेलनात तीनही गाणी इंग्रजी असली तर दुसऱ्या गाण्यापासून लोक उठू लागतात, हा आमचा अनुभव आहे. लोक ‘झिंगाट’ची मागणी करतील, पण ते २०१६चे गाणे वेगवान आहे आणि त्यात वाद्यांचा इतका भरणा आहे की पाच जणांच्या नव्या बँडने ते हाती घेऊ नये. आम्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ‘मनी नाही भाव’ हे भजन पॉवर कॉर्डवर, म्हणजे गिटारवरच्या दोन स्वरांच्या सोप्या कॉर्डवर, बसवले होते. शब्द सर्वांना पाठ होते, त्यामुळे सभागृहच गाऊ लागले आणि आमच्या लहानसहान चुका त्यात झाकल्या गेल्या. चाल मात्र आम्ही जराही बदलली नव्हती. तुमच्या ड्रमरला त्या भजनाचा ठेका शिकवावाही लागणार नाही.

वैनगंगाकाठ:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सरावाच्या वेळी वीज गेली, तेव्हा आम्ही गोदामाच्या फरशीवर पाय आपटून ‘वुई विल रॉक यू’ सुरू केले. पहिल्या दोन प्रयत्नांत आमची टाळी पुढे पळत होती, आणि ती माझीच होती. ‘स्मोक ऑन द वॉटर’ सध्या बाजूला ठेवले आहे. बहिणीने ‘झॉम्बी’चे ध्रुवपद गाऊन पाहिले; वरचा स्वर तिला लागतो, पण तिसऱ्यांदा गाताना आवाज फाटतो, म्हणून अर्धा स्वर उतरवूनच सराव करणार आहोत. भजनाचे नाव काढताच ड्रमर उठून घरी गेला आणि खंजिरी घेऊन आला. ती ड्रमसोबत ठेवावी की पहिल्या कडव्यापुरती एकटीच वाजू द्यावी, याबद्दल वडसाच्या भाऊंनी आणखी थोडे सांगितले तर बरे होईल.

रात्रीचा ऑर्गन (वडसा):
पहिले कडवे खंजिरी आणि बहिणीचा आवाज, एवढ्यावरच ठेवा. दुसऱ्या कडव्याला बेस येऊ द्या. ड्रमरला खंजिरी खाली ठेवून काठ्या उचलायला वेळ लागतो, म्हणून त्या दोन कडव्यांच्या मध्ये गिटारची आठ मात्रांची चार आवर्तने ठेवावीत आणि ती सर्वांनी मोजून पाठ करावीत.