मुलं आणि कागदपत्रं सांभाळताना: तुमचे अनुभव लिहा

कोणीतरी आपली ओळख वापरून कर्ज काढणं आणि आपलं मूल गर्दीतून नाहीसं होणं, हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र घेतले आहेत. हल्ली येणाऱ्या 'तुमच्या मुलाला अटक झालीय' या खोट्या फोनमध्ये दोन्ही भीती एकदम अंगावर येतात. मुलाचं नाव, कॉलेज, आईचा नंबर, सगळं फोन करणाऱ्याकडे आधीच असतं.

काय घडलं, तुम्ही कुठे गेलात, कोणी दाद दिली, कोणी नाही, ते सविस्तर लिहा. फॉरवर्ड आलेलं नको, स्वतःचं किंवा घरातलंच हवं. मुलांची नावं, शाळा आणि फोटो कृपया टाकू नका.

पुण्याहून, अकरावीतल्या मुलाचे वडील

असा फोन आमच्याकडे आला. बायको घरी एकटी होती. व्हॉट्सअ‍ॅप कॉल, नंबर +९२ ने सुरू होणारा, फोटो गणवेशातल्या अधिकाऱ्याचा. 'तुमचा मुलगा मित्रांबरोबर सापडलाय, प्रकरण मिटवायचं असेल तर आत्ताच पैसे पाठवा, फोन ठेवू नका.' मागून मुलाचा रडण्याचा आवाज, 'आई, मला सोडव.' ती सांगते, आवाज अगदी त्याचाच वाटला. रडणारं मूल ऐकल्यावर कुठल्या आईला तो दुसऱ्याचा वाटेल?

आमच्या घरात एक परवलीचा शब्द ठरलेला आहे. गावाकडच्या एका विहिरीचं नाव, जे कुठल्याही कागदावर किंवा फोटोखाली सापडणार नाही. तिने विचारलं, 'आपली विहीर कुठली?' पलीकडून आधी शिव्या आल्या, मग फोन बंद झाला. मुलगा वर्गात होता.

पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं असतं. तिथे तक्रार जितकी लवकर पोचेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. नुसता संशयास्पद फोन असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, आम्ही तिथे कळवलं. मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. दहावीच्या निकालानंतर ज्या क्लासेसचे फोन आले, त्या प्रत्येकाकडे मुलाचं पूर्ण नाव आणि आमचे दोघांचे नंबर होते. ही यादी विकणाऱ्यांना कोणी हात लावत नाही.

साताऱ्याहून, प्राथमिक शिक्षिका

माझ्या आईने आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. वडील गेल्यावर घर दुरुस्तीसाठी तिच्या नावाने अर्ज केला, तर बँकेने सांगितलं, 'यांची आधीची दोन कर्जं थकलीत.' दोन्ही कुठल्याशा अ‍ॅपवरून काढलेली. पॅन तिचा, मोबाइल नंबर आणि पत्ता दुसऱ्याचाच.

लागलेला क्रम लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल. आधी सायबर पोलिसांत तक्रार आणि तिची पोच. मग ती पोच जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र. त्याच दिवशी क्रेडिट माहिती कंपनीच्या (प्रत्येकाच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या) संकेतस्थळावर हरकत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ही हरकत ३० दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम पत्रात लिहिल्यावरच कंपनीकडून उत्तर आलं. तेही नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. मी आता दर तीन महिन्यांनी एकीकडून आईचा अहवाल काढते, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. कर्ज न घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे अहवाल तर नक्की काढा. ती कधी बघतच नाहीत, म्हणून त्यांच्या नावावरचा घोळ वर्षानुवर्षं दडून राहतो.

नगरहून

ताई, संचार साथीवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही दिसतं. माझ्या भावाच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला. 'हा माझा नंबर नाही' एवढं नोंदवलं आणि तो बंद झाला.

परभणी जिल्ह्यातून

दादांच्या खात्यातून एकाच आठवड्यात तीनदा १०,००० गेले. ओटीपी नाही, कार्ड नाही. दादांकडे साधा फोन, लिंक कशाला म्हणतात तेही माहीत नाही. बँकेत म्हणाले, अंगठा लावून काढलेत. आधारवर चालणाऱ्या त्या यंत्रातून एका वेळी १०,००० च निघतात, म्हणून ते तुकडे.

अंगठा गेला कुठून? आम्ही जमिनीचा व्यवहार केला होता. खरेदीखतावर आधार नंबर असतो आणि ठसाही. अशा दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे नकली अंगठे करून पैसे काढणाऱ्या टोळ्या इतर राज्यांत पकडल्या गेल्यात. आमच्या बाबतीत तपास अजून चालू आहे.

आता दादांचं बायोमेट्रिक लॉक केलंय, आधारच्या अ‍ॅपवरून. पण एक अडचण कुणी सांगत नाही. लॉक असलं की रेशन दुकानात अंगठा चालत नाही. दुकानात जायच्या आधी माझी बायको थोड्या वेळासाठी ते उघडते, नंतर आपोआप बंद होतं. ज्या घरात हे करणारं कोणी नाही, त्यांनी काय करायचं?

कल्याणहून, एक आई

माझा मुलगा संध्याकाळी क्लासला म्हणून गेला तो परतला नाही. नऊ वर्षांचा होता. आम्ही मित्रांची घरं, मैदान, स्टेशन सगळं पालथं घातलं आणि पोलीस चौकी गाठली. तिथे एकजण म्हणाला, 'येईल हो, चोवीस तास बघा.' माझी नणंद वकिलांकडे काम करते. ती तिथल्या तिथे बोलली की मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा, वाट बघायची नाही. तिने वरिष्ठांना भेटायचा आग्रह धरला. रात्रीच गुन्हा नोंदला गेला.

त्यांनी जे विचारलं ते ऐकून ठेवा. आत्ताचा फोटो (माझ्याकडे होता), उंची, अंगावरचे कपडे, पायात काय, जन्मखूण, कुठल्या भाषा बोलतो, कुणावर रुसला होता का. शेवटच्या प्रश्नावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गणिताच्या गुणांवरून त्याला घरात बोलणं बसलं होतं.

पहाटे फोन आला. इगतपुरी स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला जवानाला तो बाकावर झोपलेला दिसला होता. कुणी पळवलं नव्हतं, तो स्वतःच गाडीत चढला होता. तरीही अपहरणाचा गुन्हा नोंदला म्हणूनच त्याचा फोटो रातोरात स्टेशनांवर पोचला. तिथून थेट आपल्या हाती देत नाहीत. चाइल्ड लाइनचे लोक, बालकल्याण समिती, आमची ओळखपत्रं, त्याचा जन्मदाखला, मुलाशी वेगळं बोलणं, मग ताबा. त्या वेळी जीव थांबत नव्हता, पण हीच चौकशी खोटा बाप बनून आलेल्या माणसालाही अडवते. चाइल्ड लाइनचा नंबर १०९८ आहे, रेल्वेत असाल तर १३९.

मुंबईहून, निवृत्त पोलीस कर्मचारी

ताई, तुमच्या नणंदेने योग्य केलं. पहिल्या काही तासांत दुकानांचे, सोसायट्यांचे कॅमेरे बघायला मिळतात, पुढे जुनं चित्रण पुसलं जातं.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले आठवतात. २००८ ते २०१५ मध्ये हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ त्यांच्या चमूने शोधल्या. राहिलेली एक जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून नेलेली होती. निवृत्तीनंतरही ते तिचा फोटो घेऊन फिरत. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, त्याच अंधेरी भागात राहत होती.

आणि हात जोडून सांगतो, 'मुलं पळवणारी टोळी आलीय' असले व्हिडिओ पुढे ढकलू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. संशय आला तर ११२ फिरवा, पोलीस येईपर्यंत त्या माणसालाही सांभाळा.

न्यू जर्सीहून

इथे लहान मुलांच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर (आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक) कर्जं काढतात, कारण मूल अठराचं होईपर्यंत कोणी तपासत नाही. आम्ही दोन्ही मुलांचं क्रेडिट इथल्या तिन्ही क्रेडिट माहिती कंपन्यांकडे गोठवून ठेवलंय, म्हणजे त्यांच्या नावावर कर्ज निघत नाही. २०१८ पासून सोळाखालच्या मुलांसाठी पालकांना ते फुकट करता येतं, कागदं मात्र पाठवावी लागतात.

दुसरं लिहायला जड जातंय. माझा घटस्फोट चालू आहे आणि मुलांना एका बाजूने परस्पर भारतात नेलं जाईल ही भीती आहे. परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे नेलेली मुलं परत आणणं फार लांबतं. वकिलांच्या सल्ल्याने मुलांची नावं पासपोर्टच्या सूचना यादीत घातली. आता त्यांच्या पासपोर्टसाठी अर्ज आला तर इथलं परराष्ट्र खातं मला कळवतं. पण ही यादी अमेरिकन पासपोर्टपुरतीच. अशा वेळेतून जाणाऱ्या आयांनी न्यायालयाचा लेखी आदेश आधी मिळवा, समजुतीवर सोडू नका.

नागपूरहून

माझा मुलगा बोलत नाही. नाव विचारलं तर हसतो. वर आधारबद्दल वाईट वाचलं, ते खरंच असणार, पण आम्हाला त्याच अंगठ्याचा आधार वाटतो. आमच्याच शहरातल्या मानकापूरच्या आधार सेवा केंद्रातून २०२२ मध्ये हरवलेली मुलं घरी पोचल्याच्या बातम्या होत्या. संस्थेत राहणाऱ्या मुलाचं नवं आधार काढायला गेले की ठसे आधीच नोंदलेले असल्याने अर्ज फेटाळला जातो, आणि तिथून जुना पत्ता शोधता येतो. म्हणून पाचव्या वर्षी ठसे नोंदवायला आम्ही उशीर केला नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या निळ्या बाल आधारवर ठसे नसतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. पंधराव्या वर्षी ते पुन्हा द्यायचे आहेत, आणि आमचा नंबर बदलला तर तिथेही बदलायचा.

मनगटावरचा पट्टा मात्र तो काढून टाकतो. बुटाच्या आत नंबर लिहिलाय, पण तो कोण बघणार? ज्यांची मुलं अशी आहेत त्यांनी काय केलंय, शर्टाला आतून शिवलंय की आणखी काही, ते लिहाल का?