दोन वांडा: क्लोरोप्लास्ट जुळला, मायटोकॉन्ड्रियाचं वर्तुळ काही होत नाही

रास्ना_नागपूर
नमस्कार मंडळी. नागपुरात कॉलेजात बॉटनी शिकवते, सोबत पीएचडी करून राहिली आहे. कामठीकडच्या एका शेतात जुन्या आंब्यावर रास्ना आहे, म्हणजे वांडा टेसेलाटा हे ऑर्किड. तिचं एक पान घेतलं, अन् पिवळ्या फुलांच्या वांडा टेस्टेशियाचं एक. झाड उपटलं नाही, आधीच सांगते. डीएनए काढताना हा शेंबडासारखा गोळा. सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) मीठ वाढवलं तेव्हा कुठं निभावलं. इल्युमिना मशीनचे १५० बेसचे (अक्षरांचे) रीड्स, म्हणजे वाचलेले छोटे तुकडे, आहेत.

दोन्हींच्या क्लोरोप्लास्टचा डीएनए गेटऑर्गनेल या रीड्स जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं लगेच दिला, सुमारे १,४९,००० बेस, जनुकांची ओळ तीच. मायटोकॉन्ड्रियाचा ग्राफ, म्हणजे कुठला तुकडा कुठं जोडतो त्याचं चित्र, बँडेज सॉफ्टवेअरमध्ये उघडला की नुसता गुंता. मधे ४,३०० बेसचा एक तुकडा आहे, दोन वाटा आत, दोन बाहेर. बाकी तुकड्यांची डेप्थ (एकेक जागा किती रीड्सनी वाचली ते) ७०, याची १४०. टेसेलाटात कॉक्स-१ जनुकाच्या शेजारी एक भाग येतो, टेस्टेशियात भलताच. पण जनुकं वाचली तर दोन्हींत जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखी! इतक्या जवळच्या जातींत हे खरं मानू का? गाईड म्हणून राहिले, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचं एकच वर्तुळ काढून आणा.

गुंतावळ
ताई, तुमचा १४० वाला तुकडाच सगळं सांगतोय. तो रिपीट आहे, दोनदा येतो म्हणून डेप्थ दुप्पट. १५० चा रीड ४,३०० कसा ओलांडणार? कुठली वाट कुठल्या वाटेला जोडायची, हे सॉफ्टवेअरनं अंदाजानं ठरवलंय. शिवाय वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियात अशा मोठ्या रिपीटवर रिकॉम्बिनेशन (डीएनएची तोडजोड) चालूच असतं, त्यामुळे दोन्ही जोडण्या एकाच पानात नांदू शकतात. म्हणजे तुमच्या दोन वांडांतला ‘फरक’ फक्त कुठली जोडणी निवडली गेली एवढाच असू शकतो. रिपीटच्या दोन्ही बाजूंना पीसीआरचे प्रायमर (मधल्या भागाच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए तुकडे) लावा, चारही जोड्या दोन्ही जातींत चालवा. साधा टॅक एन्झाइम वापरू नका, लांब प्रती काढणारा लाँग-रेंज घ्या.

जनुकं सारखी असण्यात नवल नाही. वुल्फ, ली आणि शार्प यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की वनस्पतींत मायटोकॉन्ड्रियाचा बदलाचा वेग क्लोरोप्लास्टच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असतो. अक्षरं जागची हलत नाहीत, मांडणी मात्र सतत बदलते. आणि वर्तुळाचा हट्ट का? गॅस्ट्रोडिया इलाटा हे ऑर्किडच. त्याचा मायटोजीनोम (मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए) १३ लाखांवर बेसचा, तोही १९ तुकड्यांत, काही गोल, काही सरळ.

पानगळ
एक भर. तुमच्या मायटोच्या तुकड्यांत एनडीएच, म्हणजे मूळची क्लोरोप्लास्टची जनुकं, शोधलीत का? २००६ मध्ये फॅलेनॉप्सिस अफ्रोडायटीचा क्लोरोप्लास्ट वाचला तेव्हा अकरा एनडीएच जनुकांपैकी एकही धड नव्हतं. पुढे बऱ्याच ऑर्किडांत त्यांचे तुकडे मायटोकॉन्ड्रियात सापडले.

क्लोरोप्लास्टमधून आलेल्या इतर तुकड्यांवर डेप्थ उगाच हजारांत जाते, कारण खऱ्या क्लोरोप्लास्टचे रीड्स तिथंही बसतात. जे जनुक क्लोरोप्लास्टमध्ये उरलंच नाही, तिथं ही भानगड नाही. डेप्थ ७० दिसली तर तुकडा मायटोतलाच धरा. तो दोन्ही वांडांत त्याच शेजाऱ्यांमध्ये असेल, तर जाती वेगळ्या होण्याआधीच शिरला असणार. मांडणीपेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो.

बुरशीसारखं काही दिसलं तर लगेच भेसळ म्हणून फेकू नका. ऑर्किडांच्या मायटोकॉन्ड्रियात बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फार पूर्वी शिरल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय. ऑर्किडच्या मुळात बुरशी राहते, म्हणून तुम्ही मूळ न घेता पान घेतलंत, हे बरं झालं.

रास्ना_नागपूर
पानगळ, आताच बघितलं. एनडीएच-एफचा तुकडा आहे, डेप्थ ६८! क्लोरोप्लास्टमध्ये पत्ताच नाही. टेस्टेशियातही तोच तुकडा, एका बाजूचा शेजारी तोच, दुसऱ्या बाजूला काँटिग (जुळलेला सलग तुकडा) संपतो.

गुंतावळदादा, चारही जोड्यांचे प्रायमर आज रात्री काढते. लाँग-रेंज एन्झाइम लॅबच्या फ्रीजरमध्ये आहे, पण मे महिन्यात लाइट किती वेळा गेली ते देवालाच ठाऊक. आधी क्लोरोप्लास्टवर चालवून बघते. अन् गाईडना वर्तुळाऐवजी ग्राफच दाखवावा म्हणते. कोणी थिसिसमध्ये तसा छापला आहे का?

गुंतावळ
ग्राफच द्या. खाली चारही पीसीआरच्या जेलचा फोटो लावा, मग वर्तुळ मागणार नाहीत.