अनुभव धागा: झाडांचे जुने उपयोग दाखवणारी रानफेरी

सह्याद्रीत रानफेरी नेणाऱ्यांनी इथे आपापल्या टोपणनावाने लिहावं. 'हे औषधी, ते औषधी' नको. कुठला भाग, कसा वापरतात आणि फसगत कुठे होते ते हवं. सुरुवात मीच करते. पंधराच्या वर माणसं घेऊ नका, मागच्यांना ऐकू जात नाही. तीन तासांना दहा-बारा झाडं पुरतात. आधी ओळख पटवा, उपयोग मागाहून सांगा. उलट केलं तर उपयोग तेवढा लक्षात राहतो आणि घरी भलतीच साल उकळली जाते.

घाटवाट: भलत्या सालीचं ठळक उदाहरण कुडा. पांढरा आणि काळा, दोन्हींना चीक, दोन्हींची फुलं पांढरी, शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. पांढऱ्याच्या शेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्याच्या कोवळेपणी टोकाला चिकटलेल्या. आवेवर वापरतात ती साल पांढऱ्याची. काळ्याच्या पानांतून निळा रंग काढत. शेंगा नसतील त्या दिवसांत नाव ठामपणे सांगू नये. आणि साल सोलून दाखवायची हौस नको. खोडाला पूर्ण वळसा बसला की झाड वाळतंच.

धायटी: रंगावर लोक हमखास रमतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरगळलं की हात लाल. हिरड्याला थोडी तयारी लागते. खाली पडलेली, न किडलेली फळं ठेचायची, बी काढून टाकायची. चमचाभर भुगा कपभर कोमट पाण्यात घालून त्यात गंजका खिळा सोडायचा. फेरीच्या सुरुवातीलाच हे बाटलीत भरा, परतेपर्यंत पाणी काळं होतं. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह यांचा तो रंग. स्टेनलेसचा खिळा टाकलात तर वाट बघत बसाल, त्यातून लोह सुटतच नाही म्हणा ना.

रानमेवा: पावसाच्या तोंडाला शेवळं (रानसुरणाचे फुलोरे) दिसली की कुणीतरी 'चाखू का' विचारतंच. अजिबात नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जीभ-घसा खाजवतात. भाजी करताना वरची पानं काढतात, आतला पिवळा भाग टाकून देतात आणि काकडं (काकड झाडाची आंबट फळं), चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवतात. आंबट कमी पडलं तर जेवणारे घसा धरून बसतात.

कारवी: हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने जा. कुसं लागलीच तर चोळू नका, आधी चिकटपट्टीने उचला, मग साबणपाणी. बिब्बा तर लांबूनच दाखवावा. त्याच्या काळ्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करायचे, पण कातडीवर तेच फोड आणतं. काजूच्या टरफलाचं तेल ज्यांना बाधतं त्यांनी जास्तच जपावं, दोन्ही एकाच कुळातले.

घाटवाट: एक राहिलं. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने झाडपाला तोडता येत नाही, नमुना म्हणून फांदीही नाही. आणि नरक्याचं झाड दिसलं तर जागा फोटोसकट टाकू नका. कर्करोगाच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यासाठी त्याची चोरटी तोड बेसुमार झाली आहे.