मांजराला दार उघडं ठेवायचं की नाही?

आरपीडी कॉर्नरवाली:
परवा इथं कुणीतरी लिहिलं, "फ्लॅटात मांजर कोंडणं पाप आहे. परसू नसेल तर मांजर पाळूच नये." वाचल्यापासून डोक्यातून जाईना. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. घरात कायम मांजरं, सगळी सुटी. त्यांतलं एकही म्हातारं होऊन मेलेलं मला आठवत नाही. कुणी रस्त्यावर गेलं, कुणाला कुत्र्यांनी फाडलं, कुणी नुसतंच परत आलं नाही, आणि आई म्हणायची, "गेलं असेल कुठंतरी." आता मी बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहते. रेल्वे गेट उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम सुटतात. त्यातून मांजरानं वाट काढायची? शिवाय बोक्यांच्या मारामाऱ्या. चाव्याची जखम वरून बुजते नि आत पू धरतो, एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, तोसुद्धा मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. आमच्या गॅलरीला लोखंडी जाळी आहे, भिंतीवर चढायला फळ्या आहेत. तिन्हीसांजेला दोरीला पीस बांधून त्याला दमेपर्यंत खेळवते आणि मग खायला घालते. याला कोंडणं म्हणत असाल तर म्हणा. आमचं मांजर जिवंत आहे.

शहापूरचा कौलारू:
ते मीच लिहिलं होतं ताई, आणि अजून तेच म्हणतो. नुसतं जिवंत असणं पुरतं काय? आमचं जुनं घर, माळा, मागं परसू, विहिरीचा कट्टा. आमची मांजरी सकाळी कौलांवर ऊन खाते, दुपारी माळ्यावर. मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागं. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. त्याला गॅलरीत बसवून कोरडे दाणे चारायला आपण कालपरवा लागलो. फ्लॅटातले लठ्ठ बोके बघा, लघवी तुंबून तडफडत दवाखान्यात येतात. त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आरपीडी कॉर्नरवाली:
लघवी तुंबते हे खरं. त्याला उपाय ओलं खाणं, जास्त पाणी आणि हालचाल. रस्ता हा त्यावरचा उपाय नव्हे.

किल्ला तलाव:
पक्ष्यांचा विचार कोण करणार? अमेरिकेत 2013 साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी असा होता, सगळे मांजरांनी मारलेले. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात 1 जुलै 2022 नंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या आवाराबाहेर सोडायलाच बंदी आहे. आमच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं उडायच्या बेतात असताना शेजारच्या बोक्यानं एका रात्रीत सगळं संपवलं.

शहापूरचा कौलारू:
त्याच अभ्यासात बहुतेक पक्षी बिनमालकीच्या मांजरांनी मारलेले आहेत, ते का गाळलं? आणि बेळगावची झाडं रस्ते रुंद करताना कुणी तोडली, मांजरांनी?

किल्ला तलाव:
बिनमालकीची मांजरं आभाळातून पडतात का? तुमच्यासारख्यांच्या सुट्या, ऑपरेशन न केलेल्या मांजरीच वितात. दोन महिन्यांचा गर्भ, आणि पहिला माज चार-सहा महिन्यांतच.

शहापूरचा कौलारू:
आमच्या मांजरीचं ऑपरेशन झालंय. माहिती नसताना बोलू नका.

रविवार पेठ:
तुमचं फ्लॅट आणि परसू चालू दे. आमच्या तांदळाच्या गोदामात मांजर नसलं तर पोती फुटतात. बासमतीचं पोतं कुरतडलं की गिऱ्हाईक हात लावत नाही. आमची मांजरं घरातली नव्हेत, पेठेतली. आणि मांजरानं भागत नाही तिथं उंदरांचं औषध ठेवावंच लागतं. मग एखादं मांजर मेलं की सगळे आमच्या नावानं शंख करतात.

आरपीडी कॉर्नरवाली:
आमच्या खालच्या मजल्यावरचं मांजर असंच गेलं. तीन दिवस नाकातून रक्त. म्हणूनच तर मी दार उघडत नाही!

जनावरांचा कंपाउंडर (निवृत्त):
औषध औषधात फरक आहे. काळी पूड असते ती झिंक फॉस्फाइड. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो, त्याला उतारा नाही. वड्या मिळतात त्या बहुधा ब्रोमाडायोलोनच्या. त्यानं रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि मांजर नेमका तोच उंदीर धरतं. वेळेत आणलं तर व्हिटॅमिन के-वनची इंजेक्शनं आणि पुढं कित्येक आठवडे गोळ्या देऊन वाचवता येतं. "रक्त थांबलं" म्हणून लोक गोळ्या बंद करतात आणि मांजर नंतर जातं. आणि घरातल्या माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, थोड्यानंही मरतं.

येळ्ळूर शिवार:
गव्हाणी घुबडंसुद्धा अशानंच जातात. आमच्या भाताच्या बांधावर पूर्वी जोडी दिसायची. एक जोडी उंदीर किती खाते ते शेतकऱ्याला विचारा. आता वड्या ठेवतात सगळे.

रविवार पेठ:
मग काय, उंदरांना नैवेद्य दाखवू? तुम्ही भरून देणार पोती?

येळ्ळूर शिवार:
काय बोलालाय तुम्ही! भात आम्ही पिकवतो, नुकसान आम्हाला समजत नाही काय? वड्या बंद डबीत ठेवा, मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा. एवढंही कुणी करत नाही.

खडेबाजार:
आमच्या गल्लीत औषध ठेवल्याची सूचना लागली ती नुसती कन्नडमध्ये. म्हाताऱ्या मराठी बायकांनी वाचायची कशी? शेजारणीनं दूध पाजलेलं मांजर गेलं. दरवेळी हेच. कार्यालयात जा, दवाखान्यात जा, फॉर्म त्यांच्याच भाषेत.

अनगोळ:
इथंही तोच विषय? आमच्या शेजारच्या अज्जी कन्नड, आमच्या मांजराला रोज दूधभात त्याच घालतात. त्यांचंही मांजर विषानंच गेलं. त्यांना सूचना वाचता येत होती, तरी गेलं.

खडेबाजार:
अज्जींबद्दल मी काही बोललो नाही. सूचनेबद्दल बोललो. सीमाभागात दोन्ही भाषांत लिहा एवढंच मागणं, त्यात राग येण्यासारखं काय आहे? विषाची सूचना आहे ती, लग्नाची पत्रिका नव्हे.

अनगोळ:
सूचनेपुरतं बरोबर आहे तुमचं. बाकीचं नको.

जाधवनगर:
2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं बिबट्या शिरला. आसपासच्या शाळा बंद, गोल्फ मैदान पिंजून काढलं, शिवमोग्याजवळच्या सकरेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, तरी सापडला नाही. तेव्हापासून आमची मांजरं सूर्य मावळला की आत. हे तरी दोघांनाही पटावं.

शहापूरचा कौलारू:
रात्री आमचीही आतच असते, माळ्याचं दार लावतो. पण रात्री आत ठेवणं आणि जन्मभर आत ठेवणं सारखं कसं?

आरपीडी कॉर्नरवाली:
तुमच्याकडं परसू आहे, गल्ली अरुंद आहे, मोटार शिरत नाही. दिवसा सोडता ते समजू शकते. पण "परसू नसेल तर पाळू नये" हे वाक्य मागं घ्या. मी पाळलं नसतं तर हे पिल्लू भाजी मार्केटच्या गटारीतच राहिलं असतं.

शहापूरचा कौलारू:
पिल्लू उचललंत ते चांगलं केलंत. वाक्यातलं "पाप" मागं घेतो. बाकीचं नाही.

जनावरांचा कंपाउंडर (निवृत्त):
दोघांनाही एक सांगतो. रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर आणि पुढं दरवर्षी. आणि पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू चपलांवरून घरात येतो, तेव्हा "आमचं बाहेर जात नाही" म्हणून ती लस चुकवू नका. फ्लॅटातली पिल्लं या रोगानं गेलेली मी पुष्कळ पाहिली.

आरपीडी कॉर्नरवाली:
ती लस दोन्ही वेळा झाली आहे काका. रेबीजची तारीख या महिन्यात.

रविवार पेठ:
डबीचं मान्य. गोदामाच्या आतच ठेवतो आणि दारावर दोन्ही भाषांत लिहितो, खडेबाजारवाल्यांनी येऊन बघावं. पण पेठेतली मांजरं आत कोंडा म्हणून मला कुणी सांगू नका. ती कोंडली तर औषध दुप्पट लागेल.