सुरक्षा नियमातून सूट दिली तरी 'पर्यावरणावर लक्षणीय परिणाम नाही', हे कसं काय?

मैथिली_वाचते:
मी पर्यावरण धोरणाचा अभ्यास करतेय, त्यासाठी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या म्हणजे एनआरसीच्या जुन्या नोटिसा वाचतेय. इंडियन पॉइंटच्या युनिट ३ वर अडकलेय. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावरचं हे अणुवीज केंद्र, २०२१ मध्ये बंद झालेलं. नियम सांगतो की आग लागल्यावर अणुभट्टी सुरक्षित बंद करायला ज्या केबल लागतात त्यांच्याभोवतीचं आगरोधक आवरण १ तास टिकलं पाहिजे, आणि २००७ मध्ये आयोगाने त्यातून सूट दिली, एका भागात ३० मिनिटं आणि दुसऱ्या भागात २४ मिनिटं चालेल म्हणून. त्यासोबतचं पर्यावरण मूल्यांकन अगदीच छोटं आहे आणि शेवटी निष्कर्ष काय तर लक्षणीय परिणाम नाही. तासाची २४ मिनिटं झाली आणि काहीच फरक पडत नाही? मला हे खरंच कळत नाहीये, कुणी नीट समजावून सांगाल का? आणि असल्या कागदाला आव्हान द्यायचं तर कुठे?

केबल_ट्रे:
आग प्रतिबंधाच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी हा नियम आला कुठून ते बघा. २२ मार्च १९७५, अलाबामातलं ब्राउन्स फेरी. भिंतीतून केबल जातात तिथली फट बुजवली होती, ती नीट बुजली का, हवा गळते का ते बघायला कामगाराने मेणबत्ती धरली आणि तिथला फोम पेटला. १,६०० हून जास्त केबल जळाल्या, आग कित्येक तास चालली, आणि युनिट १ ची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा हातची गेली. एकाच आगीत मुख्य आणि पर्यायी दोन्ही यंत्रणांच्या केबल जातात हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्यातून १९८० मध्ये 'अपेंडिक्स आर' आलं, म्हणजे अणुकेंद्रांसाठी आयोगाचे आगीबाबतचे नियम. त्यात पर्याय दिलेत: ३ तासांचा अडथळा घाला, नाहीतर २० फूट अंतर ठेवा आणि मधे जळण्यासारखं काही नको, नाहीतर १ तासाचं आवरण, आणि या शेवटच्या दोन्हींत डिटेक्टर आणि आपोआप चालणारी आग विझवणारी यंत्रणा हवीच.

आता इंडियन पॉइंटचं. तिथलं आवरण 'हेमिक' नावाचं. २००५ मध्ये आयोगाच्याच चाचण्यांत ते १ तास टिकलं नाही. मग कंपनीने सूट मागितली, मुद्दा असा की त्या जागी जळण्यासारखं सामान इतकं कमी आहे की तेवढी मोठी आग होणारच नाही, म्हणून कमी वेळ पुरेल. तांत्रिकदृष्ट्या हा मुद्दा हास्यास्पद नाही. १ तास हा आकडा सगळ्या केंद्रांसाठी सरसकट ठेवलेला आहे, एखाद्या खोलीत खरंच तेवढं जळण नसतं. पण मग उद्या कुणी तिथे दुरुस्तीचं सामान, लाकूड, तेल आणून ठेवलं तर हिशोब मोडतो, आणि आवरण १ तासाचं असतं तर अशा चुकीला जी जागा मिळाली असती ती आता राहत नाही. मला हे पटत नाही ते एवढ्यासाठीच.

कलम_एकावन्न:
तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नेपा म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली हे मूल्यांकन करावं लागतं, पण त्यात विचारलेले प्रश्न फार अरुंद असतात. अपघाताची शक्यता किंवा परिणाम लक्षणीय वाढतात का, बाहेर सोडल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा प्रकार किंवा प्रमाण बदलतं का, कामगारांना आणि लोकांना मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस वाढतो का, नदीचं पाणी, ऐतिहासिक जागा वगैरे. आवरण बदललं म्हणून रोजच्या सांडपाण्यात काही बदलत नाही, त्यामुळे बाकीची उत्तरं आपोआप 'नाही' येतात. खरा प्रश्न पहिलाच, अपघाताचा. आणि त्याचं उत्तर या कागदात शोधलेलंच नसतं, ते आयोगाच्या वेगळ्या सुरक्षा मूल्यमापनातून उचललेलं असतं. कित्येक नोटिशींत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरक्षेचा तपशील सूट देण्याच्या पत्रात येईल, म्हणजे निष्कर्ष आधी छापून येतो आणि त्याचा आधार नंतर. पर्यायांच्या भागात पण बघा, 'सूट नाकारली तरी परिणाम तेवढेच' असं एका वाक्यात आटोपलेलं असतं.

आव्हानाचं म्हणाल तर अडचण मोठी आहे. परवाना बदलताना सुनावणी मागता येते, पण अणुऊर्जा कायद्यात सूट हा शब्द तिथे नाही म्हणून सूट देताना सुनावणीचा हक्क नाही अशी आयोगाची भूमिका. म्हणजे सामान्य माणसाला पाय ठेवायला जागा उरते ती हीच, पर्यावरणाच्या कागदाची. न्यूयॉर्कचे आमदार रिचर्ड ब्रॉडस्की याच प्रकरणात कोर्टात गेले. जानेवारी २०१३ मध्ये सेकंड सर्किट या संघीय अपील कोर्टाने बाकी मुद्द्यांवर आयोगाची बाजू घेतली पण एका मुद्द्यावर अडवलं: मूल्यांकन करताना लोकांना का विचारलं नाही, ते सांगा नाहीतर विचारा. त्यावर आयोगाने मतं मागवली. निर्णय बदलला नाही, पण लोकांच्या हरकतींना लेखी उत्तरं द्यावी लागली आणि ती रेकॉर्डवर आहेत.

झिर्कॉन:
एक दुसरी बाजू. प्रत्येक सूट म्हणजे सुरक्षेला कात्री असं समजू नका प्लीज. आपत्कालीन शीतकरणाच्या नियमात इंधन नळीच्या धातूची नावंच लिहिलीत, झिर्कलॉय आणि झिर्लो, दोन्ही झिर्कोनियमचे मिश्रधातू. एम५ सारखा नवा मिश्रधातू वापरायचा, जो पाण्यात कमी गंजतो, तर सूट घ्यावीच लागते कारण नाव यादीत नाही. नळीच्या तापमानाची १२०४ अंश सेल्सिअसची मर्यादा तशीच पाळली जाते. अशा ठिकाणी छोटं मूल्यांकन पुरेसं आहे, प्रत्येक वेळी मोठा अहवाल मागितला तर महत्त्वाच्या केसकडे बघायला माणसं उरणार नाहीत.

केबल_ट्रे:
@झिर्कॉन मान्य. पण मग दोन्हींना एकाच साच्यातला मजकूर कसा चालतो? नवा चांगला धातू आणि परीक्षेत नापास झालेलं आवरण, दोन्हींच्या नोटिशीत तीच वाक्यं. माझा राग त्यावर आहे.

मैथिली_वाचते:
खूप मदत झाली सगळ्यांची. म्हणजे मी चुकीचा कागद उघडून उत्तर शोधत होते. मग एखाद्या सूटीचं नीट परीक्षण करायचं तर सुरुवात कुठून करू?

कलम_एकावन्न:
आयोगाच्या 'अ‍ॅडम्स' या कागदपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात केंद्राचा डॉकेट नंबर (फाइल क्रमांक) टाका आणि कंपनीचा मूळ अर्ज काढा, आयोगाने विचारलेले जादा प्रश्न आणि त्यांची उत्तरं पण काढा, खरं भांडण तिथे दिसतं. मग सूटीच्या पत्रात बघा की नियम ५०.१२ मधली कुठली 'विशेष परिस्थिती' दाखवलीय. 'नियमाचा मूळ हेतू तरीही साधतो' असं म्हटलं असेल तर तो हेतू कसा साधतो याचा हिशोब मागा, 'खर्च फार जास्त' असं असेल तर तो वेगळाच वाद. आणि सगळ्यात आधी मूल्यांकन झालंय का तेच तपासा, कारण २०१० पासून नोंदी, तपासणी, प्रशिक्षण, वेळापत्रक अशा प्रकारच्या काही सूटींना अटी पूर्ण होत असतील तर पर्यावरण मूल्यांकनातूनच वगळलंय, ते नियम ५१.२२ मध्ये सापडेल.