मदत हवी आहे: गिटच्या शॉर्टकटचं मराठी टिपण

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलांसाठी गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) शॉर्टकटचं मराठी टिपण लिहितोय. सोपं ते झालंय: 'गिट स्विच -' म्हटलं की आधीच्या ब्रँचवर (कामाच्या फाट्यावर) परत, आणि एकटं '@' म्हणजे हेड, म्हणजे आपण सध्या ज्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) आहोत ते. स्विच ही कमांड २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या मशीनवर 'चेकआउट -' वापरा, हेही लिहिलंय.

अडलोय ते टिंबांपाशी. मेन आणि फीचर या दोन ब्रँच धरा. 'लॉग'मध्ये (कमिटांची यादी दाखवणारी कमांड) 'मेन..फीचर' म्हणजे फीचरमध्ये आहेत पण मेनमध्ये नाहीत ते कमिट. तीन टिंबं दिली की दोन्हींपैकी एकाच ब्रँचमध्ये असलेले कमिट. 'डिफ'मध्ये (फरक दाखवणारी कमांड) मात्र दोन टिंबं नुसती दोन टोकांची तुलना करतात, आणि तीन टिंबं फाटा फुटला तिथपासून फीचरमधला बदल दाखवतात. एकच खूण, दोन अर्थ! परवा एका मुलीचा यात अख्खा दिवस गेला, मला फार वाईट वाटलं.

हे चित्र काढून समजावावं की उदाहरणांनी? 'मर्ज बेस'ला (फाटा फुटला त्या जागेला) तुम्ही मराठीत काय म्हणता? कुणी शिकवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. सोमवारी मुलांना द्यायचंय.