पेटी चार डझनी असेल तर?

नोकरीच्या मुलाखतीत 'अमुक ठिकाणी तमुक किती मावतील?' असले विचित्र प्रश्न आले तर काहीतरी ठोकून द्यावं, असा सल्ला दिला जातो. मला पटत नाही. रत्नागिरीत एका मुलाखतीत मला विचारलं होतं, वाशीला जाणाऱ्या ट्रकमध्ये हापूस किती मावतील? मी हिशेब मोठ्याने मांडला. पेटी पाच डझनी, फळ पाव किलोचं, म्हणजे १५ किलो. लाकूड-पेंढा धरून १८. ट्रक ९ टनी धरला तर ५०० पेट्या, ३०,००० आंबे. लगेच पुढचा प्रश्न, पेटी चार डझनी असेल तर? म्हटलं, मग फळ मोठं, वजन साधारण तेवढंच. पेट्या त्याच, आंबे २४,०००. (घरची बाग असल्याचा फायदा!) त्यांना आकडा नको होता, गृहीतकं ऐकायची होती.

तरी निव्वळ कोड्यांवर माणूस निवडू नये. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनीही २०१३ मध्ये अशी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असं सांगितलं होतं.